कंपनीला लिहा, पण ‘महाग झालं’ एवढंच लिहू नका

प्रश्न : मी सांगलीत राहते. घरात सहा माणसं. महिन्याचा किराणा मीच भरते आणि खर्च वहीत लिहून ठेवते. गेल्या गणपतीत, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये आणलेल्या फरसाणाच्या रिकाम्या पाकिटात मी सुकी मेथी भरून ठेवली होती. परवा त्याच कंपनीचं नवं पाकीट आणलं आणि सहज दोन्ही शेजारी धरली. किंमत तीच, १०५ रुपये. पण जुन्यावर ४०० ग्रॅम आणि नव्यावर ३५०! पाकिटाची उंची-रुंदी मात्र जशीच्या तशी. मध्ये जीएसटी कमी झाला म्हणून केवढा गाजावाजा झाला, मग हे उलटं कसं? दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “वहिनी, मी काय घरी पॅक करतो का?” शब्दाला शब्द वाढला, आता मी त्याच्याकडे जात नाही. मिस्टर म्हणतात, एवढ्या मोठ्या कंपनीला तुझ्या तक्रारीचं काय पडलंय. मुलगी म्हणते, इन्स्टावर टाकू. सासूबाई म्हणतात, आणूच नका. पाकिटावर कंपनीचा फोन आणि ई-मेल दिलाय. सरळ तिथेच तक्रार करावी का? – स. पा., सांगली

ताई,

करा. सरळ कंपनीलाच करा आणि लेखी करा. मात्र “तुमचं फरसाण महाग झालंय, भाव कमी करा” एवढंच लिहाल तर तुमच्या मिस्टरांचं म्हणणं खरं ठरेल. त्या वाक्याला द्यायचं उत्तर कंपनीकडे तयार असतं : आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभार, तो संबंधित विभागाकडे पाठवला आहे. पुढे काही होत नाही, आणि कायद्याने व्हायलाही लागत नाही. पाकीटबंद फरसाण केवढ्याला विकावं हे आपल्याकडे सरकार ठरवत नाही. काही औषधांच्या किमतीवर सरकारी मर्यादा असते, चिवडा-शेवेवर नाही. एमआरपी कंपनीच ठरवते. वजन कमी करून ते पाकिटावर खरं खरं छापलं असेल तर तोही गुन्हा होत नाही. चीड येते, कबूल. पण चिडीला कंपनीकडे रकाना नसतो.

तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी शंभरातल्या नव्वदांकडे नसते : जुनं पाकीट. बाकीच्यांना नुसतं वाटत असतं की “पूर्वी जास्त यायचं”. तुमच्या हातात पुरावा आहे, तेव्हा आधी तो नीट मांडून घेऊ.

४०० ग्रॅमला १०५ म्हणजे किलोला २६२ रुपये ५० पैसे. ३५० ग्रॅमला १०५ म्हणजे किलोला सरळ ३००. वजन साडेबारा टक्क्यांनी उतरलं, पण भाव सव्वाचौदा टक्क्यांनी चढला. पन्नास ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून हिशोब नेहमी किलोवर करायचा.

आता जीएसटी. पाकीटबंद फरसाण-नमकीनवर पूर्वी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. बिस्किटं तर १८ वरून ५ वर आली. तुमच्या जुन्या पाकिटातल्या १०५ रुपयांमधून १२ टक्के कर बाजूला काढला तर ९३ रुपये ७५ पैसे उरतात. त्यावर ५ टक्के लावले की ९८ रुपये ४४ पैसे. म्हणजे बाकी काही बदललं नसतं तर ते ४०० ग्रॅमचं पाकीट साधारण साडेअठ्ठ्याण्णवला मिळायला हवं होतं. किंवा किंमत १०५ च ठेवायची तर आत ४२६ ग्रॅम माल हवा होता. तुम्हाला मिळाला ३५०.

आणखी एक आकडा काढा, तो जास्त बोलका आहे. कर वजा केल्यावर जुन्या पाकिटात कंपनी, वितरक आणि दुकानदार या सगळ्यांच्या मिळून वाट्याला किलोमागे २३४ रुपये येत होते. नव्यात जवळपास २८६ येतात. सरकारने आपला हिस्सा कमी केला, तुमचा खर्च वाढला आणि मधले एक्कावन्न-बावन्न रुपये कुठेतरी मुरले. (दुकान फारच लहान असेल तर त्याच्या कराची तऱ्हा वेगळी असते, आकडा थोडा इकडेतिकडे होईल. रोख बदलत नाही.) कंपनीला विचारण्याजोगा प्रश्न हा आहे.

यावर कंपनी म्हणेल की तेल महागलं. अर्धं खरं आहे. फरसाणात पामतेल चालतं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पामतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केलं होतं. पण मे २०२५ च्या अखेरीस तेच शुल्क १० टक्क्यांवर आलं. शुल्क उतरल्यानंतरच्या ऑगस्टमध्येही पाकीट ४०० ग्रॅमचंच होतं, मग त्यानंतर ते तेलामुळे हलकं कसं झालं, हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बेसन आहे, मजुरी आहे, वाहतूक आहे, त्यांची कारणं असू शकतात. मग ती सांगा म्हणावं.

बाकी, लहान पुड्यांचं गणित निराळंच असतं. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्याची किंमत कंपनीला सहसा हलवता येत नाही. सुट्ट्या पैशांची अडचण, शिवाय पोरं पाचाचं नाणं घेऊन दुकानात येतात. म्हणून तिथे जे काही होतं ते वजनात होतं, वर किंवा खाली. जीएसटी उतरल्यावर काही कंपन्यांनी या पुड्यांचं वजन वाढवू असं जाहीर केलं होतं. तुमच्या घरी बिस्किटं येत असतील तर तेही पाहून घ्या, कारण खरोखर वाढवलं असेल तर उगाच शिव्या द्यायला नकोत.

पाहायचं कुठे, तेही सांगते. पाकिटाच्या मागे किंवा चिकटवलेल्या कडेवर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात बॅच क्रमांक, तारीख आणि एमआरपी मारलेली असते. तिथेच जवळ ‘यूएसपी’ किंवा ‘युनिट सेल प्राइस’ असं लिहून प्रतिग्रॅम दर दिलेला असतो. तुमच्या जुन्या पाकिटावर तो ०.२६ असेल, नव्यावर ०.३०. पूर्वी बिस्किटं, चहा, खाद्यतेल अशा कितीतरी वस्तू ठरावीक मापातच पॅक कराव्या लागायच्या. २०२२ मध्ये ती सक्ती गेली आणि तिच्या बदल्यात हा प्रतिग्रॅम दर छापणं आलं. कंपन्यांना हव्या त्या वजनाचे पुडे काढायची मोकळीक मिळाली, आपल्याला चष्मा लावून वाचायचा एक आकडा मिळाला. तोही दोनच दशांशांपर्यंत असतो. पाच रुपयांचा पुडा ४७ ग्रॅमवरून ४४ वर आला तरी छापील दर ०.११ चा ०.११ च राहतो! त्यामुळे लहान पुड्यांना त्या आकड्यावर विसंबू नका, वजनच पाहा.

आता पत्र. फोन केलात तर उचलणारी मुलगी गोड बोलेल, पण फरसाणाचे भाव ती ठरवत नाही, आणि तुमच्या बोलण्यातलं काय टिपून घेतलं हे तुम्हाला कळायचं नाही. ई-मेल करा. ग्राहकांच्या तक्रारीसाठी कोणाशी संपर्क साधायचा, त्याचा पत्ता, फोन आणि ई-मेल पाकिटावर छापणं कंपनीला बंधनकारक आहे, तेव्हा ते दार हक्काचं आहे. मराठीत लिहिलं तरी चालेल. मजकूर साधारण असा ठेवा :

“आपल्या अमुक फरसाणाचे ४०० ग्रॅमचे पाकीट मी ऑगस्ट २०२५ मध्ये १०५ रुपयांना घेतले होते. आता त्याच किमतीत ३५० ग्रॅम मिळते. दोन्ही पाकिटांचे, बॅच क्रमांक दिसतील असे फोटो सोबत आहेत. कृपया खुलासा करावा : वजन कोणत्या महिन्यापासून कमी केले? जीएसटी १२ वरून ५ टक्के झाल्याचा लाभ या पाकिटात ग्राहकाला कसा दिला? पाकिटाचा आकार तोच ठेवून वजन घटवल्याची सूचना दर्शनी बाजूवर का नाही? ही तक्रार अनुचित व्यापारी प्रथेबाबतची म्हणून नोंदवावी व तक्रार क्रमांक कळवावा.”

बस. “लुटारू”, “जनतेचा तळतळाट” वगैरे मनात ठेवा.

शेवटची ओळ मी मुद्दाम घातली आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांपैकी सगळ्यात मोठ्या हजार कंपन्यांना दरवर्षी सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमानुसार एक जबाबदारी अहवाल काढावा लागतो. वर्षभरात ग्राहकांच्या किती तक्रारी आल्या आणि वर्षअखेर किती शिल्लक राहिल्या, हे त्यात वर्गवारीने द्यावं लागतं. त्या वर्गवारीत अनुचित व्यापारी प्रथांचा वेगळा रकाना आहे. तुमची तक्रार त्यात मोडते की नाही यावर कंपनी वाद घालेल, घालू दे. पण क्रमांक मिळालेली लेखी तक्रार ही मोजली जाणारी गोष्ट असते आणि तो अहवाल गुंतवणूकदार वाचतात. दुकानाच्या फळीवर केलेलं भांडण कुठल्याच अहवालात येत नाही. तुमची कंपनी शेअर बाजारात नसेल, घरगुती मालकीची असेल, तर हा मुद्दा लागू नाही. तिथे मालक बहुधा स्वतःच मेल वाचतो, हे उलट बरंच.

आठ-पंधरा दिवसांत काही आलं नाही किंवा गुळगुळीत उत्तर आलं, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. जीएसटी कमी झाल्यावर त्याच्या तक्रारींसाठी त्यांनी वेगळी सोयही केली होती. फार मोठी आशा मात्र ठेवू नका. करकपातीचा लाभ दाबला म्हणून कंपनीला खेचायची जी नफेखोरीविरोधी तरतूद जीएसटी कायद्यात होती, तिच्याखाली नव्या तक्रारी घेणं १ एप्रिल २०२५ पासून बंद झालं आहे. कर उतरला त्याच्या जेमतेम सहा महिने आधी! हा योगायोग मला तरी पचलेला नाही. आज या बाबतीत कंपनीवर दबाव आहे तो फक्त नाव खराब होण्याचा. म्हणूनही थेट पत्राला किंमत आहे.

आता जिथे कंपनीला पत्र लिहीत बसू नये अशा गोष्टी. छापील एमआरपीपेक्षा एक रुपया जरी जास्त मागितला, “कूलिंगचे वेगळे” म्हणाले, तर तो दुकानदाराचा गुन्हा आहे. छापील किमतीवर जास्त किमतीचं स्टिकर चिकटवलेलं असेल तर तेही चालत नाही. कमी किमतीचं चालतं, पण खालचा मूळ आकडा झाकता येत नाही. आणि पाकिटावर ३५० लिहून आत ३२० भरलं असेल तर ती चोरीच. या सगळ्याला वैध मापन शास्त्र विभाग आहे, जुनी माणसं ज्याला वजनमापे खातं म्हणतात. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं कार्यालय असतंच.

ते शेवटचं जरा तपासून पाहाच. घरात केक-बिस्किटांसाठी आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर पाकीट न फोडता ठेवा, आकडा लिहा, मग रिकामं करून नुसतं प्लॅस्टिक ठेवा. वजाबाकी म्हणजे तुमचा माल. ३४५ आलं म्हणून लगेच धावू नका. ३०० ते ५०० ग्रॅमच्या पाकिटात तीन टक्क्यांपर्यंतची चूक नियमात बसते, म्हणजे ३५० ला साडेदहा ग्रॅम. मात्र ही सूट एखाद्या पाकिटापुरती आहे. सरासरी छापील वजनापेक्षा कमी असता कामा नये. दोन-तीन पाकिटं ओळीने कमी भरली तर न फोडलेलं पाकीट बिलासकट खात्याकडे न्या. केरळात त्रिशूरला एका ग्राहकाने असंच केलं होतं. ३०० ग्रॅम छापलेले बिस्किटांचे दोन पुडे, एक भरला २६८, दुसरा २४८. वजनमापे खात्याकडून तपासून घेतलं, जिल्हा ग्राहक आयोगात गेला आणि २०२४ मध्ये आयोगाने भरपाई आणि खर्च मिळून ६० हजार द्यायला लावले. त्याच्या आदल्या वर्षी तमिळनाडूत तिरुवळ्ळूरच्या आयोगाने पुड्यात १६ ऐवजी १५ बिस्किटं निघाली म्हणून एक लाखाची भरपाई दिली. दोन्हीकडे कंपन्या नावाजलेल्या होत्या. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फीसुद्धा नाही. पण पुन्हा सांगते, हे ‘छापलं एक, भरलं दुसरं’ यासाठी. तुमच्या पाकिटावर ३५० छापलंय आणि आतही तेवढंच असेल, तर आयोगाची पायरी चढून हाती काही लागणार नाही.

मुलीला म्हणावं टाक इन्स्टावर, पण पत्र गेल्यावर. दोन पाकिटांचा फोटो, दोन आकडे, किलोचा भाव आणि “कंपनीला अमुक तारखेला विचारलं आहे” एवढंच. ‘फसवणूक’ हा शब्द नको, कारण जी गोष्ट कायद्याने फसवणूक ठरत नाही तिला जाहीर तसं म्हटलं की कंपनीच्या वकिलाला काम मिळतं. फ्रान्समध्ये २०२३ साली एका मोठ्या सुपरमार्केटने स्वतःच फळ्यांवर पाट्या लावल्या होत्या : या मालाचं वजन कमी झालंय, भाव वाढलाय. पुढच्या वर्षी जुलैपासून तिथे अशी सूचना लावणं मोठ्या दुकानांना सक्तीचं झालं. आपल्याकडे तसा नियम नाही, तोवर मुलीचा फोटो हीच पाटी.

आणि त्या दुकानदाराशी बोलणं सुरू करा हो. त्याच्यावर राग काढून काय मिळालं? त्याला एका पाकिटामागे चार पैसे सुटतात आणि गावभरच्या वहिनी त्यालाच झापतात. उलट त्याला हाताशी धरा. कंपनीचा सेल्समन ऑर्डर घ्यायला त्याच्याकडे ठरलेल्या वारी येतो. “हे पाकीट चार गिऱ्हाइकांनी हातात घेऊन परत ठेवलं, या खेपेला अर्धाच बॉक्स द्या” हे वाक्य त्या सेल्समनने वर कळवलं की तुमच्या ई-मेलच्या आधी पोहोचतं. कंपनीला आपलं बोलणं कमी ऐकू येतं, ऑर्डर लगेच ऐकू येते.

म्हणून सासूबाईंचा सल्ला मी मोडीत काढणार नाही. फक्त मुकाट्याने आणणं बंद केलंत तर कंपनीला कळणार नाही की वजनामुळे सोडलं, चवीमुळे की डॉक्टरांनी तेलकट बंद केलं म्हणून. सोडायचं तर सांगून सोडा. पत्रात एक ओळ वाढवा : खुलासा येईपर्यंत आमच्या घरी हे पाकीट येणार नाही. आणि खरं सांगू का, सांगलीत राहून पाकिटातलं फरसाण आणायचंच कशाला? भडंग समोर तराजूत मोजून मिळतं तुमच्या गावात.

एकट्याने लिहिण्यापेक्षा चौघींनी लिहिलेलं बरं, हे काही आजचं शहाणपण नाही. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याचा माल एकत्र, घाऊक घ्यायचा आणि वाटून घ्यायचा, अशी तिची पद्धत. लाटणं मोर्चाला एक सोय होती : रेशन, रॉकेल, तेल यांसाठी मंत्र्याच्या दारात जाऊन उभं राहता यायचं. फरसाणाच्या पाकिटात ५० ग्रॅम कमी भरायचं ठरवणारा माणूस कुठल्या शहरात, कुठल्या मजल्यावर बसतो हे आपल्याला माहीत नसतं. पाकिटामागचा तो ई-मेल तेवढा माहीत असतो. तुमच्या भिशीतल्या बायकांना हे दोन पाकिटांचं प्रदर्शन दाखवा. ज्यांच्याकडे जुनी पाकिटं निघतील त्यांनी आपापल्या नावाने, आपापल्या शब्दांत लिहावं. एकच मजकूर सगळ्यांनी पाठवला की कंपनी त्याची एकच तक्रार धरते.

एक शक्यता आधीच सांगून ठेवते. बऱ्याचदा कंपनी प्रश्नाचं उत्तर देत नाही, “आमच्याकडून भेट” म्हणून चिवडा-शेवेचा खोका घरी पाठवते. घरात सहा माणसं आहेत, खोका परत करू नका. पोच देताना एवढंच लिहा : भेट मिळाली, आभार. माझ्या तीन प्रश्नांचा खुलासा अजून आलेला नाही, तक्रार बंद करू नये.